पासवर्ड मॅनेजर आणि बिल्ड टूल: तुलना कशाची, जोडणी कुठे

टूल निवडायच्या तक्त्यात बिटवॉर्डन (पासवर्ड मॅनेजर) आणि जेनकिन्स (कोडपासून प्रोग्राम बांधणारं बिल्ड टूल) शेजारी शेजारी बसतात, ‘क्रेडेन्शियल (पासवर्ड, टोकन, चाव्या) साठवतं’ या रकान्यात दोघांसमोर बरोबरची खूण पडते, आणि मग कुणीतरी विचारतंच: दोन कशाला हवीत, एकात भागत नाही का? नाही भागत. का भागत नाही हे एकदा कळलं, की कोणती माहिती कुठे ठेवायची आणि एकातून दुसऱ्यात कशी न्यायची हे ठरवणं सोपं जातं. पासवर्ड फुटण्याचे प्रकार बहुतेक या दोन टूल्सच्या मधल्या वाटेवरच घडतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या वाटेवर आहे.

दोघांची घडण

पासवर्ड मॅनेजर म्हणजे एक व्हॉल्ट, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी एन्क्रिप्ट केलेली तिजोरी, आणि तो उघडणारा माणूस. मास्टर पासवर्डपासून चावी तयार करायला तो मुद्दाम वेळ आणि मेमरी खर्च करतो, म्हणजे व्हॉल्टची फाइल चोरीला गेली तरी चोराला लाखो पासवर्ड भराभर लावून बघता येत नाहीत. कीपास या पासवर्ड मॅनेजरच्या केडीबीएक्स ४ फाइलमध्ये हे काम आर्गॉन२ ही पद्धत करू शकते. पीबीकेडीएफ२ ही दुसरी पद्धत वापरणाऱ्या व्हॉल्टमध्ये चावी बनवतानाच्या हॅशच्या फेऱ्या ६,००,००० तरी असाव्यात; जुनं खातं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आकडा बघा, कारण डीफॉल्ट वाढवला तरी जुन्या खात्यांचा आकडा आपोआप वाढेलच असं नाही. २०२२ साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या व्हॉल्टचे बॅकअप चोरीला गेले, तेव्हा कमी फेऱ्यांवर राहिलेली जुनी खाती हीच सगळ्यात मोठी चिंता होती.

बिल्ड टूलची परंपरा वेगळी. बेल लॅब्समध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं, ते कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे पाहून फक्त बदललेला भाग पुन्हा बांधण्यासाठी. अँट, मेव्हन, ग्रेडल यांनी जावासाठी तेच काम हाती घेतलं. जेनकिन्स २०११ मध्ये हडसनपासून वेगळं झालं. ते आणि गिटहब अॅक्शन्ससारखी सीआय (आपोआप बांधणी आणि चाचणी करणारी) टूल्स ही बांधणी माणसाशिवाय, प्रत्येक कमिटला (कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलाला) करून घेतात. या सगळ्यांचा स्वभाव नोंदी ठेवण्याचा: प्रत्येक कमांड लॉगमध्ये, प्रत्येक फाइल कॅशमध्ये, प्रत्येक निकाल आर्टिफॅक्टमध्ये (बांधून तयार झालेल्या फाइलींमध्ये). शिवाय ती चालवतात दुसऱ्यांनी लिहिलेला कोड. एका साध्या बिल्डमध्ये शेकडो लायब्रऱ्या खाली उतरतात आणि त्यातल्या काहींच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट लगेच चालतातही.

म्हणजे एक टूल लपवायला बनवलेलं, दुसरं नोंदवायला. बिल्ड टूलमधली क्रेडेन्शियलची सोय ही नंतर जोडलेली, कामापुरती सोय आहे, आणि तिला तेवढाच मान द्यावा.

तुलना करताना विचारायचं काय

फीचरची यादी बाजूला ठेवा. कोणतंही टूल समोर आलं की आधी विचारा: हे उघडतं कोण? व्हॉल्ट उघडायला माणूस, त्याचा मास्टर पासवर्ड आणि शक्यतो दुसरा घटक (मोबाइलवरच्या कोडसारखा) लागतो. जेनकिन्स रात्री दोन वाजता कुणी नसताना सीक्रेट (पासवर्ड, टोकन अशी गुप्त किंमत) वाचतं, म्हणजे ते उघडण्याची चावी त्याच सर्व्हरवर कुठेतरी असणारच. आहेच. जेनकिन्सच्या होम फोल्डरमध्ये ‘सीक्रेट्स’ नावाचा उपफोल्डर असतो, त्यात मास्टर चावीची फाइल असते, आणि एन्क्रिप्ट केलेली क्रेडेन्शियल त्याच होम फोल्डरमधल्या एक्सएमएल फाइलमध्ये. संपूर्ण होम फोल्डरचा बॅकअप ज्याच्या हाती लागला त्याच्याकडे कुलूप आणि चावी दोन्ही गेली. म्हणून बॅकअप घेताना तो उपफोल्डर वेगळा काढा आणि वेगळ्या जागी, वेगळ्या परवानग्यांनी ठेवा.

दुसरा प्रश्न: परत वाचता येतं का? पासवर्ड मॅनेजरमध्ये डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की पासवर्ड दिसतो. गिटहबवर एकदा भरलेलं सीक्रेट तुम्हाला स्वतःलाही पुन्हा दिसत नाही. फक्त नवं भरता येतं किंवा पुसता येतं. हे चांगलंच आहे, पण त्याचा अर्थ असा की सीआय हे मूळ प्रत ठेवायचं ठिकाण होऊ शकत नाही. अँड्रॉइड अॅपची साइनिंग कीस्टोर (अॅपवर सही करायच्या चावीची फाइल) फक्त सीआयमध्ये भरली आणि ज्या लॅपटॉपवर ती बनली तो गेला, तर ती सरळ परत मिळवायचा रस्ता उरत नाही.

तिसरा: एखाद्याला वापरू द्यायचं, पण बघू द्यायचं नाही, हे जमतं का? इथे दोन्हीकडे निराशाच आहे. ब्राउझरमध्ये पासवर्ड लपवून भरणारा मॅनेजर डेव्हलपर टूल्स उघडणाऱ्यापासून काही लपवू शकत नाही. आणि जो जॉबची (बिल्ड टूलला नेमून दिलेल्या कामाची) स्क्रिप्ट बदलू शकतो तो त्या जॉबचं सीक्रेट वाचू शकतो, टूल कुठलंही असो. पाइपलाइनची (जॉबच्या पायऱ्या सांगणारी) फाइल रेपोमध्येच (कोडच्या साठ्यातच) असेल तर रेपोत लिहिण्याची परवानगी म्हणजेच सीक्रेट वाचण्याची परवानगी. ती कुणाकुणाला आहे ते एकदा मोजून बघा. आकडा नेहमी वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो.

बाकी किंमत, अॅप किती प्लॅटफॉर्मवर आहे, दिसायला कसं आहे, हे नंतर बघितलं तरी चालतं.

मूळ प्रत व्हॉल्टमध्ये

वरच्या उत्तरांवरून नियम निघतो तो असा: प्रत्येक सीक्रेटची मूळ प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि बिल्ड टूलमध्ये असलाच तर त्याचा कधीही फेकून देता येईल असा, कमी अधिकारांचा अवतार.

व्हॉल्ट लावताना मास्टर पासवर्ड शब्दांचा घ्या. डाइसवेअरच्या यादीत ७,७७६ शब्द असतात, एक शब्द निवडायला पाच फासे पडतात, आणि दर शब्दामागे सुमारे १२.९ बिटची भर पडते. सहा शब्द म्हणजे ७७ बिटच्या वर. शब्द फाशांनीच किंवा मॅनेजरच्या जनरेटरनेच निवडायचे. मनाने निवडलेल्या शब्दांना हा हिशोब लागू होत नाही.

बिल्डसाठी लागणाऱ्या नोंदींचं वेगळं कलेक्शन (व्हॉल्टमधला गट) करा. माणसांचे लॉगिन आणि यंत्रांची टोकन (पासवर्डऐवजी सेवेने दिलेल्या चाव्या) एकत्र ठेवली की कधीतरी यंत्राला माणसाचा पासवर्ड दिला जातो. प्रत्येक नोंदीत टोकनाबरोबर एवढं लिहाच: कोणत्या सेवेचं आहे, काय करू शकतं (फक्त वाचणं की प्रकाशित करणंही), कधी संपतं, ते बदलायचं पान कुठे आहे, आणि कोणकोणते जॉब ते वापरतात. शेवटची ओळ लिहायचा कंटाळा येतो, पण टोकन फुटल्यावर सगळ्यात आधी तीच शोधली जाते.

कीस्टोर, प्रमाणपत्रं अशा फाइली अटॅचमेंट म्हणून ठेवा आणि त्यांचा पासवर्ड त्याच नोंदीत ठेवा. दुसरा घटक लावलेलं खातं बिल्डला देऊ नका. तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड टाकायला तिथे कुणी नसतं, आणि कोडचं मूळ बीज (ज्यावरून कोड बनतात ती गुप्त किंमत) सीआयमध्ये भरून ठेवलं तर दोन घटकांचा एकच घटक होतो. त्या सेवेचं अॅक्सेस टोकन काढा, त्याला फक्त हव्या त्या रेपोचा किंवा पॅकेजचा अधिकार द्या, आणि मुदत घाला.

कीपासची एकच फाइल शेअर ड्राइव्हवर ठेवून चार जणांनी वापरायचा प्रयोग लहान टीममध्ये बऱ्याचदा होतो. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं की सिंक करणारी सेवा ‘कॉन्फ्लिक्ट’ नावाची दुसरी प्रत बनवते आणि नवं टोकन त्या प्रतीत पडून राहतं. कीपासमध्ये दोन फाइली एकत्र करायची सोय आहे, ती वापरा. हाताने कॉपी करू नका.

व्हॉल्टमधून बिल्डपर्यंत: तीन रस्ते

पहिला रस्ता हाताने भरण्याचा. व्हॉल्टमधून टोकन कॉपी करून सीआयच्या सेटिंगमध्ये पेस्ट करायचं. दहा-बारा सीक्रेट असलेल्या प्रोजेक्टला हे पुरतं आणि यात बिघडण्यासारखं कमी. त्रास टोकन बदलताना होतो, कारण तेच टोकन पाच रेपोंत चिकटवलेलं असतं. ते टाळायला सीक्रेट संस्थेच्या पातळीवर एकदाच भरा आणि कोणत्या रेपोंना दिसेल ते निवडा.

दुसरा रस्ता, बिल्ड चालताना मॅनेजरच्या कमांड लाइन टूलने वाचणं. यात एक फट आहे, ती ओळखूनच जा: व्हॉल्ट उघडायला सीआयला काहीतरी द्यावंच लागतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे माणसाच्या खात्याचा मास्टर पासवर्ड असेल तर एका टोकनाऐवजी सगळा व्हॉल्ट पणाला लागला. बिटवॉर्डनच्या साध्या कमांड लाइनमध्ये नेमकं हेच होतं: एपीआय चावीने (प्रोग्रामसाठीच्या चावीने) लॉगिन होतं, पण व्हॉल्ट उघडायला मास्टर पासवर्ड वेगळा द्यावाच लागतो. म्हणून त्यांनी सीक्रेट्स मॅनेजर हे वेगळं उत्पादन काढलं, त्यात यंत्रांसाठी मशीन अकाउंट असतं. वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरमध्ये त्याच कामाला सर्व्हिस अकाउंट आहे. दोन्हीकडे त्या खात्याला फक्त बिल्डची सीक्रेट दाखवा, तेही फक्त वाचण्यापुरतं.

कमांड लाइनवर आणखी दोन ठिकाणी अडतं. नावाने शोधलं आणि त्या नावाशी जुळणाऱ्या दोन नोंदी निघाल्या, तर बिटवॉर्डन पासवर्ड न देता ‘एकाहून जास्त निकाल’ अशी एरर देतं. काल चालणारा बिल्ड आज कुणी ‘डॉकर’ नावाची दुसरी नोंद केली म्हणून पडतो. स्क्रिप्टमध्ये नाव वापरू नका, नोंदीचा आयडी वापरा. आणि हे टूल व्हॉल्टची स्थानिक प्रत वाचतं. कायम चालू असलेल्या बिल्ड मशीनवर आधी सिंक केलं नाही तर कालचं, रद्द झालेलं टोकन मिळतं आणि तुम्ही सर्व्हरला दोष देत बसता.

तिसरा रस्ता सगळ्यात चांगला: सीक्रेट ठेवायचंच नाही. गिटहब अॅक्शन्स प्रत्येक जॉबला ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं, सही केलेलं ओळखपत्र देऊ शकतं. क्लाउड सेवा ते तपासते आणि थोड्या वेळात संपणारं, साधारण तासाभराचं क्रेडेन्शियल देते. यासाठी जॉबला ‘आयडी-टोकन’ लिहिण्याची परवानगी द्यावी लागते आणि क्लाउडच्या बाजूला कोणत्या ओळखपत्रावर विश्वास ठेवायचा ते लिहावं लागतं. तिथे ‘सब्जेक्ट’ या रकान्यात रेपोचं पूर्ण नाव आणि ब्रँच दोन्ही घाला. तारांकन (म्हणजे ‘काहीही चालेल’) टाकून मोकळे झालात, तर भलत्याच रेपोतला जॉबही तुमच्या खात्यात शिरू शकतो. क्लाउडवर डिप्लॉय करत असाल तर हा रस्ता आधी बघा. उरलेल्या सेवांसाठीच पहिले दोन.

टूलनुसार बारकावे

मेव्हन. पासवर्ड प्रोजेक्टच्या पॉम (मेव्हनला बांधणी समजावणाऱ्या) फाइलमध्ये कधीच नाही. तो यूजरच्या ‘डॉट एमटू’ फोल्डरमधल्या सेटिंग्ज फाइलमध्ये, ‘सर्व्हर’ या भागात. त्या भागातला आयडी आणि पॉममधल्या रिपॉझिटरीचा आयडी अक्षरशः सारखे हवेत. एका अक्षराचा फरक पडला तर मेव्हन तक्रार करत नाही, पासवर्डच पाठवत नाही, आणि समोरून ४०१ (ओळख पटली नाही) येतो. टोकन बरोबर असून ४०१ येत असेल तर आधी हे दोन आयडी शेजारी ठेवून बघा. सेटिंग्ज फाइलमध्ये प्रत्यक्ष पासवर्ड न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं (प्रोग्रामला बाहेरून पुरवलेल्या किमतीचं) नाव लिहिता येतं, सीआयमध्ये तसंच करा. मेव्हन ३ची पासवर्ड एन्क्रिप्ट करायची सोय आहे, पण ती उलगडणारा मास्टर पासवर्ड त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलमध्ये असतो, त्यामुळे चोरापासून ती फारसं रक्षण करत नाही.

ग्रेडल. यूजर होममधली ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ फाइल प्रोजेक्टमधल्या त्याच नावाच्या फाइलवर मात करते. म्हणून रेपोतल्या फाइलमध्ये रिकामी किंवा खोटी किंमत, खरी किंमत यूजर होममध्ये. सीआयमध्ये प्रॉपर्टी द्यायची तर नावाआधी ‘ओआरजी ग्रेडल प्रोजेक्ट’ हे शब्द कॅपिटलमध्ये, अंडरस्कोअरने जोडून लावलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरतं. ‘डॅश पी’ने कमांड लाइनवर पासवर्ड देऊ नका. कमांडचे आर्ग्युमेंट त्या मशीनवरचे इतर यूजर ‘पीएस’ या कमांडने वाचू शकतात, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिनक्सवर तोच यूजर आणि रूट यांनाच दिसतात.

मेक. मेक प्रत्येक कमांड चालवण्याआधी छापतं. ओळीच्या सुरुवातीला ‘अॅट’चं चिन्ह लावलं की छापणं थांबतं. पण त्याहून बरं म्हणजे मेकच्या स्वतःच्या व्हेरिएबलऐवजी शेलचं व्हेरिएबल वापरणं, डॉलरचं चिन्ह दोनदा लिहून. मग छापलं तरी नाव छापलं जातं, किंमत नाही.

डॉकर. बिल्ड आर्ग्युमेंट म्हणून दिलेला पासवर्ड इमेजच्या (लेयर म्हणजे थर रचून बांधलेल्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याच्या) हिस्टरीत राहतो. फाइल आत कॉपी करून पुढच्या ओळीत पुसली तरी ती मागच्या लेयरमध्ये असतेच. डॉकरच्या बिल्डकिटमध्ये ‘रन’ ओळीला सीक्रेट प्रकारचा माउंट लावता येतो: सीक्रेट तेवढ्या एका ओळीपुरतं ‘रन’ फोल्डरातल्या ‘सीक्रेट्स’मध्ये फाइल म्हणून दिसतं, लेयरमध्ये उतरत नाही. मात्र त्या ओळीतल्या कमांडने ते वाचून दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलं (पॅकेज मॅनेजरची कॉन्फिग फाइल हा नेहमीचा गुन्हेगार) तर माउंट काही वाचवत नाही.

जेनकिन्स. क्रेडेन्शियल ‘विथ क्रेडेन्शियल्स’च्या कंसात घ्या, आणि त्यातली शेलची ओळ एकेरी अवतरणात लिहा. दुहेरी अवतरणात ग्रूव्ही (जेनकिन्सच्या स्क्रिप्टची भाषा) स्वतःच किंमत भरून शेलला देतं. मग ती आर्ग्युमेंटमध्ये उघडी पडते, आणि पासवर्डमध्ये विशेष चिन्हं असली तर कमांडही मोडते. क्रेडेन्शियल ग्लोबल न ठेवता फोल्डरपुरतं ठेवा. फक्त एजंटशी (बिल्ड चालवणाऱ्या मशीनशी) जोडणीसाठी लागणारं असेल तर ‘सिस्टिम’ स्कोप द्या. ते जॉबना दिसतच नाही.

लॉगमधल्या तारकांवर किती विसंबायचं

सीआय टूल लॉगमध्ये सीक्रेट दिसलं की त्या जागी तारका छापतं. पद्धत साधी: भरलेली किंमत जशीच्या तशी (काही टूल्समध्ये बेस६४ या अक्षरी एन्कोडिंगसारख्या काही ठरावीक रूपांतही) सापडली तर झाकायची. किंमत दोनदा बेस६४ केली, उलटी छापली, किंवा दोन अक्षरांनंतर स्पेस घालत छापली, तर ती सापडत नाही आणि झाकली जात नाही. जेसनचा (नाव-किंमत जोड्यांच्या मजकुराचा) अख्खा तुकडा एक सीक्रेट म्हणून भरला आणि लॉगमध्ये त्यातला फक्त पासवर्ड छापला गेला, तरी तोच प्रकार. म्हणून एका सीक्रेटमध्ये एकच किंमत.

उलट बाजूनेही गंमत होते. सीक्रेट फारच छोटं असेल, समजा ‘टेस्ट’ असा चार अक्षरी यूजरनेम, तर लॉगमध्ये जिथे जिथे ‘टेस्ट’ तिथे तारका, आणि लॉग वाचता येत नाही. शिवाय त्यावरून ते यूजरनेम काय आहे ते कुणालाही कळतं. गिटलॅब तर झाकायच्या व्हेरिएबलला किमान आठ अक्षरं आणि एकच ओळ अशी अट घालतं. यूजरनेम सीक्रेट म्हणून भरू नका. साधं व्हेरिएबल म्हणून भरा.

शेलमध्ये ‘सेट एक्स’ (प्रत्येक कमांड किमतींसकट छापणारा पर्याय) चालू करून डीबग करणं हे लॉगमध्ये पासवर्ड सांडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण. चालू केलंच तर सीक्रेट वापरणाऱ्या ओळीआधी बंद करा.

बिल्ड पडतो, पासवर्ड तर बरोबर आहे

यात निम्म्या वेळा शेवटचा अदृश्य न्यूलाइन (नव्या ओळीचं चिन्ह) असतो. ‘एको’ने फाइलमध्ये लिहिलं की शेवटी न्यूलाइन येतो, ती फाइल सीआयमध्ये भरली की तो पासवर्डचा भाग होतो. ‘प्रिंटएफ’ वापरा. संशय असेल तर किंमत न छापता तिची लांबी छापा: व्हॉल्टमध्ये ४० अक्षरं आणि बिल्डमध्ये ४१ निघाली की उत्तर मिळालं. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये न्यूलाइनबरोबर कॅरेज रिटर्न हे आणखी एक अदृश्य चिन्हही येतं, तेव्हा फरक दोनचा दिसतो.

मग येतं डॉलरचं चिन्ह. जनरेटरने दिलेल्या पासवर्डमध्ये डॉलर असेल तर शेल किंवा मेक त्यापुढच्या अक्षरांना व्हेरिएबल समजतं आणि तेवढा भाग गायब होतो. यंत्रांच्या पासवर्डसाठी जनरेटरमध्ये विशेष चिन्हं बंद करा आणि लांबी वाढवा. फक्त अक्षरं-अंक घेऊन ३२ लांबीचा पासवर्ड १९० बिटच्या आसपास जातो; चिन्हांची गरजच नाही.

कीस्टोरसारखी बायनरी फाइल मजकूर म्हणून पेस्ट केली तर ती खराब होते. आधी बेस६४ करा, ते सीक्रेटमध्ये भरा, जॉबमध्ये उलगडून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि शेवटी पुसा. आकार एक तृतीयांशाने वाढतो. गिटहबच्या सीक्रेटची मर्यादा ४८ केबी आहे हे लक्षात ठेवा. बेस६४ करताना लिनक्सवर ७६ अक्षरांनंतर ओळ तुटते, ती सलग ठेवायचा पर्याय द्या.

फोर्कमधून (दुसऱ्याने केलेल्या रेपोच्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टवर (बदल सामावून घ्यायच्या विनंतीवर) बिल्ड पडला तर ते बरोबरच आहे: तिथे गिटहब तुमची सीक्रेट देत नाही. ती मिळावीत म्हणून ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ लावून फोर्कमधला कोड चालवायचा, हा उपाय शोधल्यावर सहज सापडतो. करू नका. त्याने कुणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्ट पाठवून तुमचं टोकन वाचू शकतो. टेस्ट सीक्रेटशिवाय चालतील अशा लिहा, प्रकाशित करायचा जॉब मर्जनंतर वेगळा चालवा.

गळती आहे का, ते बघण्याची चाचणी

खऱ्या टोकनाच्या जागी एक खोटी, लांब, कुठेही सापडणार नाही अशी किंमत भरा आणि बिल्ड पूर्ण चालवा. प्रकाशित करायची पायरी पडेल, पडू द्या. मग लॉग, आर्टिफॅक्ट, कॅशची फाइल, टेस्टचा रिपोर्ट आणि डॉकर इमेज उतरवून घ्या, झिपसारख्या दाबलेल्या फाइली उलगडा, आणि त्या किमतीचा शोध घ्या. साध्या रूपात आणि बेस६४मध्येही. बेस६४मध्ये तीन रूपं शोधावी लागतात, कारण तेच अक्षर तीनच्या गटात कितव्या जागी पडतं त्यावर एन्कोडिंग बदलतं. टेस्ट रिपोर्टकडे जास्त लक्ष द्या; काही फ्रेमवर्क बिल्ड पडल्यावर सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्यात छापतात, आणि रिपोर्टमध्ये तारका लावणारं कुणी नसतं.

रेपोसाठी गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग हे सीक्रेट शोधणारं टूल संपूर्ण इतिहासावर एकदा चालवा, नंतर प्रत्येक कमिटआधी.

बाहेरच्या अॅक्शनसाठी (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार पायरीसाठी) टॅग (कमिटला दिलेलं, नंतर वळवता येणारं नाव) न वापरता कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश लिहा. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अॅक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही अॅक्शन ताब्यात घेऊन तिचे जुने टॅग नव्या, घातक कमिटकडे वळवले गेले आणि अनेक रेपोंची सीक्रेट लॉगमध्ये छापली गेली. ज्यांनी आधीच्या कमिटचा हॅश लिहिला होता त्यांना ते लागलं नाही. त्याआधी २०२१ साली कोडकव्ह या टेस्ट कव्हरेज मोजणाऱ्या सेवेची बॅश स्क्रिप्ट ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत बदललेली होती आणि सीआयमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेर पाठवत होती. दोन्ही प्रकारांत तुमचा व्हॉल्ट कितीही मजबूत असला तरी फरक पडला नसता. फरक पडतो तो जॉबला किती सीक्रेट दिलीत याने: टेस्टच्या जॉबला प्रकाशनाचं टोकन दिसता कामा नये, आणि व्हेरिएबल अख्ख्या जॉबऐवजी ज्या पायरीला लागतं तिथेच द्यावं.

टोकन फुटलं तर

क्रम महत्त्वाचा. आधी नवं टोकन काढा आणि व्हॉल्टमधल्या नोंदीत घाला. मग त्या नोंदीतली ‘कोणते जॉब वापरतात’ ही यादी घेऊन प्रत्येक ठिकाणी नवं भरा. एक बिल्ड चालवून बघा. मग जुनं रद्द करा. टोकन सार्वजनिक रेपोत गेलं असेल तर मात्र क्रम उलटा: आधी रद्द, बिल्ड पडले तर पडले. सार्वजनिक ठिकाणी पडलेली टोकन शोधणारे बॉट फार वेळ लावत नाहीत.

गिटमधून ते पुसायचं काम नंतर. नव्या कमिटमध्ये ओळ काढली तरी इतिहासात ती राहते. ‘फिल्टर-रेपो’ या टूलने इतिहास पुन्हा लिहिता येतो, पण ज्यांनी क्लोन केलंय त्यांच्याकडे जुनी प्रत आहेच. त्यामुळे टोकन रद्द केलं असेल तर इतिहास साफ करायची घाई नाही, आणि रद्द केलं नसेल तर साफ करून उपयोग नाही.

रद्द केल्यानंतर सेवेच्या ऑडिट लॉगमध्ये जुन्या टोकनाने कुणी काय केलं ते बघा: नवं पॅकेज प्रकाशित झालं का, नवा यूजर किंवा एसएसएच चावी जोडली गेली का. चोर बऱ्याचदा पहिल्यांदा स्वतःसाठी दुसरं दार करून ठेवतो.

टीममधून कुणी गेलं की हाच क्रम, फक्त घाईशिवाय. व्हॉल्टमधला अॅक्सेस काढल्याने त्या माणसाने आधी पाहिलेले पासवर्ड बदलत नाहीत. तो ज्या कलेक्शनमध्ये होता त्यातलं प्रत्येक यंत्राचं टोकन बदलावं लागतं. बदलल्यावर रोज चालणारे जॉब दुसऱ्या दिवशीच बोलतात. महिन्यातून किंवा तिमाहीत एकदा चालणारे जॉब, बॅकअपचे आणि प्रमाणपत्रं नवी करणारे विशेषतः, तोपर्यंत गप्प राहतात, म्हणून शेड्यूलची यादी काढून ते त्याच दिवशी हाताने एकदा चालवा.